ऑक्सफर्ड की केंब्रिज? १५ ऑक्टोबरच्या आत

गेल्या सप्टेंबरात नाशिकला ताईकडे गेले होते. गणपती नुकतेच गेले होते, मखर अजून कोपऱ्यात उभं होतं. जेवणाच्या टेबलावर एक फुलस्केप कागद, मधोमध पट्टीने मारलेली रेघ. डावीकडे ऑक्सफर्ड, उजवीकडे केंब्रिज. डाव्या बाजूला भाऊजींच्या अक्षरात ‘जगात पहिला नंबर’ आणि ‘पंतप्रधान’. उजव्या बाजूला भाचीच्या आजोबांच्या थरथरत्या अक्षरात ‘रँग्लर परांजपे, नारळीकर’. ताईने दोन्हीकडे ‘थंडी’ लिहून ठेवलं होतं. जिला जायचं होतं तिच्या अक्षरात कागदावर काहीही नव्हतं.

तो कागद मी विसरू शकले नाही. त्यानंतर ओळखीच्या तीन-चार घरांत हाच प्रश्न ऐकला. परदेशात पदवीला मुलं पाठवणारी घरं अजून थोडी आहेत, पण वाढत आहेत. त्या घरांत होणारी चर्चा बहुतेक वेळा विद्यापीठांच्या नावांभोवती फिरते. नावांची चर्चा लवकर संपवावी आणि अभ्यासाची सुरू करावी, एवढ्यासाठी हा आढावा.

सुरुवात एका नियमापासून करायला हवी, कारण पुष्कळांना तो माहीत नसतो. पदवीसाठी एका वर्षी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे अर्ज करता येत नाही. ब्रिटनमधले अर्ज ‘युकास’ या एकाच यंत्रणेतून जातात. तिथे पाच पर्याय भरता येतात, पण त्यांत या दोघांपैकी एकच. चर्चमधला ऑर्गन वाजवणाऱ्यांसाठी असलेल्या खास जागांसारखे अगदी मोजके अपवाद सोडले, तर हा नियम कडक आहे. शिवाय इतर बहुतेक विद्यापीठांची मुदत जानेवारीपर्यंत असते, या दोघांची मात्र १५ ऑक्टोबरला संपते. काही विषयांच्या प्रवेशचाचण्यांची नोंदणी तर सप्टेंबरातच बंद होते. म्हणजे आपल्याकडच्या मुलाने बारावीच्या सहामाहीच्या आसपास हा निर्णय घेऊन टाकायचा. इथे आयआयटीला आधी रँक येते आणि मग पसंतीक्रम भरायचा असतो. तिथे पसंती आधी आणि परीक्षा नंतर. दोन ऑफर हातात घेऊन निवांत तुलना करण्याची सोयच नाही.

दोन्ही विद्यापीठं सख्खी भावंडं आहेत. ऑक्सफर्डमध्ये १०९६च्या सुमारास शिकवणं सुरू असल्याच्या नोंदी आहेत. १२०९मध्ये गावकरी आणि विद्यार्थी यांच्यात मोठा तंटा झाला, काहींना फाशी दिलं गेलं, आणि भेदरलेले काही पंडित तिथून निघून केंब्रिजला जाऊन स्थिरावले. त्यामुळे ठेवण सारखीच आहे. दोन्हीकडे विद्यापीठ आणि कॉलेज अशी दुहेरी रचना, आठ-आठ आठवड्यांची तीन सत्रं, दोन-तीन मुलांना समोर बसवून शिकवण्याची पद्धत. दोन्ही गावं लंडनहून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर, दोन्हीकडे नदी, दोन्हीकडे सायकली.

क्रमवारीचं थोडक्यात सांगते. टाइम्स हायर एज्युकेशनच्या यादीत ऑक्सफर्ड अनेक वर्षं सलग पहिलं आहे, केंब्रिजही तिथेच जवळपास आहे, आणि या याद्या प्रामुख्याने संशोधन मोजतात. एकोणीस वर्षांच्या मुलीला पहिल्या वर्षी कोण आणि कसं शिकवणार हे त्यांतून कळत नाही.

‘विज्ञानाला केंब्रिज, कलाशाखेला ऑक्सफर्ड’ हे सूत्रही असंच अर्धवट आहे. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत १९५३मध्ये डीएनएची रचना उलगडली हे खरं. पण करोनाच्या साथीत आपल्या दंडात जी कोव्हिशील्ड टोचली गेली ती लस ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी तयार केली होती आणि पुण्याच्या सीरममध्ये तिचं उत्पादन झालं. मार्गारेट थॅचर ऑक्सफर्डला रसायनशास्त्र शिकल्या होत्या. उलट अर्थशास्त्रात केन्सचं नाव घेतलं की केंब्रिज आलंच.

मराठी घरांचा ओढा केंब्रिजकडे का, याचं कारण मात्र जुनं आहे आणि मला ते मोलाचं वाटतं. दापोलीजवळच्या मुर्डीचे र. पुं. परांजपे फर्ग्युसनमधून केंब्रिजला गेले आणि १८९९मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत संयुक्तपणे पहिले आले, सीनियर रँग्लर झाले. परत येऊन त्यांनी फर्ग्युसनमध्येच शिकवलं, पुढे तिथेच प्राचार्य झाले. या परीक्षेत पहिला वर्ग मिळवणाऱ्याला ‘रँग्लर’ म्हणतात. हा केंब्रिजच्या एका परीक्षेपुरता शब्द. पण तो मराठीत पदवीसारखा नावापुढे लागला. रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी, रँग्लर नारळीकर. मग रँग्लरांचे चिरंजीव जयंत नारळीकर बनारसहून बी.एस्सी. होऊन १९५७मध्ये केंब्रिजला गेले आणि तिथे पुन्हा पदवीलाच बसले. ज्या चार नगरांवर त्यांनी आत्मचरित्र बेतलं, त्यांतलं केंब्रिज हे एक. आजोबांनी कागदावर ती दोन नावं लिहिली, त्यामागे सव्वाशे वर्षांचा अभिमान होता.

ऑक्सफर्डचीही एक मराठी मुलखातली कथा आहे, आणि ती नाशिकचीच. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. गुणवत्तेवर मिळायला हवी होती ती विलायतेची शिष्यवृत्ती स्त्री म्हणून नाकारली गेली. तरी इंग्लंडमधल्या हितचिंतकांच्या मदतीने त्या १८८९मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलला पोचल्या, १८९२मध्ये कायद्याची बीसीएल परीक्षा दिली आणि पदवी हातात पडायला १९२२ साल उजाडलं. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायला १९२०मध्ये सुरुवात केली. केंब्रिजने तर १९४८पर्यंत थांबवलं. भाचीला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा त्या कागदाकडे नीट बघायला लागली.

आता मुख्य गोष्ट. पदवीचा विषय प्रवेशाच्या आधीच ठरतो आणि दोन्ही विद्यापीठांचे विषय एकसारखे नाहीत. नावाआधी विषयांची यादी समोर ठेवली, तर निम्म्या घरांतला वाद तिथेच मिटेल.

ज्याला राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान एकत्र शिकायचं आहे त्याच्यासाठी ऑक्सफर्डचा ‘पीपीई’ आहे. हा अभ्यासक्रम १९२०च्या सुमारास तिथेच जन्मला आणि ब्रिटनच्या राजकारणातले किती तरी लोक त्यातून आले, ऋषी सुनक हे अलीकडचं उदाहरण. फक्त अर्थशास्त्रच हवं असेल तर केंब्रिज. ऑक्सफर्डला अर्थशास्त्र नेहमी कशाच्या तरी जोडीने येतं, व्यवस्थापन, इतिहास किंवा पीपीईतल्या दोघांच्या. आर्किटेक्चर, पशुवैद्यक, लँड इकॉनॉमी हे केंब्रिजकडे. चित्र-शिल्पाची पदवी ऑक्सफर्डच्या रस्किन स्कूलमध्ये. संस्कृत घेऊन पदवी करायची असेल तरी ऑक्सफर्ड. तिथलं बोडेन प्राध्यापकपद १८३२पासूनचं आहे. इंजिनिअरिंगला दोन्हीकडे पहिली दोन वर्षं बहुतेक शाखा एकत्रच शिकवतात, त्यामुळे ‘मेकॅनिकल की इलेक्ट्रिकल’ असा आपला नेहमीचा प्रश्न तिथे पहिल्या दिवशी येत नाही.

विज्ञानात फरक सर्वांत मोठा. ऑक्सफर्डला तुम्ही फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी किंवा बायोकेमिस्ट्री यांपैकी एक निवडता आणि पहिल्या दिवसापासून त्यात खोल उतरता. केमिस्ट्रीचं चौथं वर्ष तर पूर्णपणे संशोधनाचं असतं, आणि ज्याला आपला विषय पक्का ठाऊक आहे त्याच्यासाठी याहून चांगली सोय नाही. केंब्रिजला यांतलं काहीच वेगळं मिळत नाही. तिथे ‘नॅचरल सायन्सेस’ नावाची एकच मोठी छत्री आहे. पहिल्या वर्षी तीन विज्ञानं आणि जोडीला गणित घ्यायचं, पुढच्या वर्षी चाळणी लावायची आणि तिसऱ्या वर्षी एका विषयावर यायचं. आपले चिंतामणराव देशमुख याच अभ्यासक्रमातून १९१७मध्ये बाहेर पडले, वनस्पतिशास्त्रात पारितोषिक घेऊन. मग आयसीएसला पहिले आले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पदवीचा विषय म्हणजे आयुष्यभराची नोकरी, हे समीकरण तिथे कधी नव्हतंच. आपल्याकडच्या पालकांनी ही एक गोष्ट मनापासून समजून घ्यावी असं मला वाटतं.

केंब्रिजचा ट्रायपॉस, म्हणजे पदवीचा अभ्यासक्रम आणि त्याच्या परीक्षा, टप्प्याटप्प्यांत विभागलेला असतो, आणि टप्पा संपल्यावर कॉलेजच्या संमतीने विषय बदलताही येतो. होमी भाभा १९२७मध्ये मुंबईहून तिथे गेले ते वडिलांच्या इच्छेने मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला. मन भौतिकशास्त्रात अडकलं. वडिलांनी अट घातली की इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग आण, मग गणिताचा खर्च करीन. १९३०मध्ये पहिला वर्ग आला, भाभा गणिताकडे वळले आणि पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. अठराव्या वर्षी सगळ्यांनाच आपला कल कळतो असं नाही. ज्याला तो कळलेला नाही त्याला केंब्रिजची रचना थोडी जास्त मोकळीक देते, असं माझं मत झालं आहे.

शिकवण्याची पद्धत नावाने वेगळी, मुळात एकच. ऑक्सफर्डला ट्यूटोरियल म्हणतात, केंब्रिजला सुपरव्हिजन. आठवड्याला एक-दोन निबंध लिहायचे किंवा गणितांचा संच सोडवायचा, तो आधी द्यायचा आणि मग त्या विषयाच्या जाणकारासमोर तासभर बसायचं. समोर फक्त एक-दोन सोबती. मागच्या बाकावर लपायची सोय नाही. ‘हे वाक्य तू का लिहिलंस?’ असं विचारलं की ‘पुस्तकात होतं’ हे उत्तर चालत नाही. क्लासच्या नोट्सवर वाढलेल्या मुलांना पहिलं सत्र जड जातं. पाचव्या आठवड्याच्या आसपास मन खचतं, आणि त्या मरगळीला दोन्ही गावांत नावसुद्धा आहे. ज्या मुलाला चुकत-माकत बोलायला आवडतं ते इथे फुलतं. ज्याला शांतपणे एकट्याने शिकायला आवडतं, त्याच्यासाठी जगात दुसरी फार चांगली विद्यापीठं आहेत आणि तिथे जाण्यात काडीचाही कमीपणा नाही.

परीक्षांचा ताल मात्र दोन्हीकडे वेगळा, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. ऑक्सफर्डला बहुतेक विषयांत पहिल्या वर्षाची परीक्षा पास होण्यापुरती मोजली जाते. पुष्कळ विषयांत, विशेषतः कलाशाखेत, पदवीचा वर्ग ठरतो तो शेवटच्या वर्षाच्या ‘फायनल्स’वर. मुलं काळा झगा आणि ठरलेला पोशाख घालून परीक्षेला बसतात. पहिल्या पेपरला पांढरं, मधल्या पेपरांना गुलाबी आणि शेवटच्याला लाल कार्नेशन छातीला लावायची प्रथा आहे. केंब्रिजला ट्रायपॉसची परीक्षा साधारण दरवर्षी असते आणि दरवर्षीचा वर्ग मिळतो. एखाद्या मुलाला मधली वर्षं वाचनात, नाटकात, नावा वल्हवण्यात घालवून शेवटी सगळा जोर लावायला आवडतं. दुसऱ्याला दरवर्षी आपण कुठे उभे आहोत हे कळल्याशिवाय झोप लागत नाही. आपलं मूल यांतलं कोणतं, हे त्याच्या आईला सहज सांगता येतं. ताईने ‘थंडी’ऐवजी हे लिहायला हवं होतं, असं मी तिला म्हटलं.

प्रवेशाकडे येते. ऑक्सफर्डला दरवर्षी तेवीस हजारांच्या आसपास अर्ज येतात आणि जागा साधारण ३,३००; केंब्रिजचे आकडेही याच घरातले. ऑक्सफर्ड आधी चाळणी लावतं, निम्म्याहून कमी अर्जदार मुलाखतीपर्यंत पोचतात. केंब्रिजमध्ये मुलाखतीला बोलावलं जाण्याचं प्रमाण बरंच जास्त. केंब्रिजच्या गणिताची तऱ्हा आणखी निराळी. तिथे ऑफर हातात आल्यावरही जूनमध्ये ‘स्टेप’ नावाचे कठीण पेपर द्यावे लागतात. ते अपेक्षेप्रमाणे गेले नाहीत तर ऑफर जाते, म्हणूनच जागांपेक्षा बऱ्याच जास्त ऑफर दिल्या जातात. आपल्याकडे जानेवारीत पेढे वाटून झालेले असतात, म्हणून हे ठळकपणे सांगते. बाकी प्रवेशचाचण्यांची नावं आणि स्वरूप अलीकडे वारंवार बदलली आहेत. त्या त्या वर्षीची माहिती विद्यापीठाकडूनच घ्यावी, मागच्या वर्षी गेलेल्या मुलाकडून नाही. राज्य मंडळाची बारावी करणाऱ्यांनी आपले गुण कुठे, कसे धरले जातात हेही आधी तपासावं, सीबीएसईचे नियम आपल्याला लागू असतीलच असं नाही.

मुलाखत कशी असते हे मला एका रविवारी जवळून कळलं. ताईच्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक भाचीची सरावाची मुलाखत घ्यायला आले होते. तिने छंद, पारितोषिकं सगळं पाठ केलं होतं. त्यांनी त्यातलं काही विचारलं नाही. म्हणाले, “हत्तीला उंदरासारखे बारीक पाय का नसतात गं?”

“वजन जास्त असतं म्हणून, सर.”

“पण हत्ती मोठा, तसे त्याचे पायही त्याच प्रमाणात मोठे झाले असते की. मग पुरलं नसतं का?”

ती गप्प. सरांनीही घाई केली नाही. तिने कागदावर एक चौकोनी ठोकळा काढला, शेजारी दहापट लांबीचा दुसरा. लांबी दहापट, तर आकारमान हजारपट, म्हणजे वजन हजारपट. पायाच्या छेदाचं क्षेत्रफळ मात्र शंभरपटच. हात थांबला. “सर, वजन हजारपट आणि पेलणारा भाग शंभरपट... पाय मोडतील!” “मग किती जाड हवेत?” पुन्हा आकडेमोड. क्षेत्रफळ हजारपट हवं, म्हणजे जाडी हजाराच्या वर्गमुळाइतकी, एकतीस-बत्तीसपट. दहापट उंच प्राण्याला बत्तीसपट जाड पाय! ती इतकी हरखली की आपली मुलाखत चालली आहे हेच विसरली. सर म्हणाले, “बरोबर आलं म्हणून नाही, अडलीस तिथून पुढे गेलीस म्हणून शाबास. तिथे हेच बघतात.” दोन्ही विद्यापीठांची डिसेंबरातली मुलाखत ही अशी असते, छोटासा तासच तो. शिकवताना हे मूल कसं वाटेल एवढंच शिक्षकाला पाहायचं असतं.

कॉलेज कोणतं निवडावं यावर मुलं रात्री जागवतात. एवढा जीव टाकण्याची गरज नाही. व्याख्यानं आणि प्रयोगशाळा विद्यापीठाच्या, पदवी विद्यापीठाची. चांगला अर्जदार एका कॉलेजात बसला नाही तर ऑक्सफर्डला दुसरं कॉलेज त्याची मुलाखत घेऊ शकतं, आणि केंब्रिजला जानेवारीत ‘पूल’ असतो, त्यातून इतर कॉलेजं मुलं उचलतात. कॉलेजचं नाव न घालताही अर्ज करता येतो. फक्त मुलींचं कॉलेज हवं असेल तर केंब्रिजला न्यूनहॅम आणि मरे एडवर्ड्स आहेत, ऑक्सफर्डला आता एकही नाही. परांजप्यांच्या कन्या शकुंतलाबाई न्यूनहॅमच्याच.

पैशाबद्दल मला सगळ्यांत कळकळीने बोलायचं आहे. परदेशी विद्यार्थ्याची वर्षाची फी विषयाप्रमाणे साधारण ३०,००० ते ६०,००० पौंड, वैद्यकीयला त्याहून जास्त. तक्त्यात केंब्रिज पुष्कळदा स्वस्त दिसतं. तसं ते असतंच असं नाही, कारण तिथे परदेशी विद्यार्थ्याला कॉलेजची फी वेगळी भरावी लागते, वर्षाला दहा हजार पौंडांच्या घरात. ऑक्सफर्डच्या आकड्यात ती धरलेली असते. राहणं, जेवण, व्हिसा, आरोग्य अधिभार मिळवला तर तीन वर्षांचा हिशेब दीड-पावणेदोन कोटींच्या खाली बसणं अवघड. चार वर्षांच्या विज्ञान-इंजिनिअरिंगचा त्याहून वर. सत्र चालू असताना नोकरी करून भर घालू म्हणावं, तर दोन्ही विद्यापीठं ते करू देत नाहीत किंवा तसं करू नका असं बजावतात.

‘शिष्यवृत्ती मिळेल’ या भरवशावर घरं धावतात. ऱ्होड्स शिष्यवृत्ती ऑक्सफर्डची, गेट्स केंब्रिजची, पण दोन्ही पदव्युत्तर शिक्षणासाठी आहेत. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठीच. पदवीला पूर्ण खर्च उचलणाऱ्या योजना फार थोड्या. म्हणून माझं स्पष्ट मत असं की, घर गहाण ठेवूनच जाता येणार असेल तर पदवी इथे करावी, पुण्यात, मुंबईत, बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत, आणि पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्तीवर तिथे जावं. नारळीकरांसारखे मोजके सोडले तर आपल्याकडचे बहुतेक लोक आजही याच वाटेने जातात. अठराव्या वर्षी आईवडिलांच्या कर्जाचं ओझं मनावर घेऊन ट्यूटोरियलला बसणारं मूल चुकायला घाबरतं, आणि तिथे तर चुकतच शिकायचं असतं.

भाऊजींची तयारी होती. तीन वर्षांचे पैसे त्यांनी बाजूला ठेवले होते, आणि चौथ्या वर्षाचं काय हेही त्यांनी ताईशी बसून मोकळेपणाने बोलून घेतलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा नाशिकला गेले. तो फुलस्केप कागद फ्रिजवर चुंबकाने लावलेला होता. आजोबांची दोन नावं तशीच होती, ‘जगात पहिला नंबर’ही खोडलेलं नव्हतं. खाली, रेघेच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या मोठ्या अक्षरात भाचीने लिहिलं होतं: ‘फिजिक्स सोडवत नाही. बायॉलॉजी पण सोडवत नाही. निदान एक वर्ष दोन्ही हवं.’ आणि शेजारी पेन्सिलीने एक हत्ती, जाड पायांचा.

तेराव्या तारखेला रात्री तिने केंब्रिजचा अर्ज पाठवला. आजोबांना वाटलं रँग्लरांमुळे. तिने त्यांना तसं वाटू दिलं, आणि सकाळी साडेसहाला केमिस्ट्रीच्या क्लासला गेली.